साल्मोनेलाचा माग काढायची नोकरी : या लाईनमध्ये येऊ बघणाऱ्यांसाठी

एमपीएचला, म्हणजे पब्लिक हेल्थच्या मास्टर्सला, आलेली किंवा यायच्या तयारीत असलेली बरीच मुलंमुली मला मेसेज करतात, ताई, फूडबॉर्न एपिडेमिऑलॉजीत, म्हणजे अन्नातून पसरणाऱ्या आजारांचा माग काढायच्या कामात, यायचंय, पायथन शिकू की आर शिकू, जिनोम सिक्वेन्सिंगचा कुठला सर्टिफिकेट कोर्स चांगला. मी त्यांना उलट विचारते, अनोळखी माणसाला संध्याकाळी फोन करून तुम्हाला जुलाब कधी सुरू झाले, रक्त पडत होतं का, आणि त्याच्या आधीच्या सात दिवसांत सकाळ-दुपार-रात्र काय काय खाल्लंत हे पाऊण तास विचारत बसायची तयारी आहे का? बहुतेकांना वाटतं मी चेष्टा करतेय. पण कामाचा मोठा हिस्सा हाच आहे, आणि ज्यांना हे जमतं त्यांना बाकीचं मागाहून शिकवता येतं, उलटं होताना मी फारसं पाहिलेलं नाही.

माझं थोडक्यात सांगते. पुण्यात मायक्रोबायोलॉजी, मग थोडा काळ एका फूड टेस्टिंग लॅबमध्ये नोकरी, मग अमेरिकेत एमपीएच आणि तेव्हापासून मिडवेस्टमधल्या एका राज्याच्या हेल्थ डिपार्टमेंटमध्ये एन्टेरिक टीममध्ये, म्हणजे पोटाच्या इन्फेक्शनवाल्या टीममध्ये. घरी साल्मोनेला म्हटलं की पहिला प्रश्न येतो, म्हणजे टायफॉइड ना? टायफॉइडचा जंतू साल्मोनेलाच, पण तो माणसाकडून माणसाकडे जातो, आमचं काम मुख्यतः त्याच्या बाकीच्या भाऊबंदांशी असतं जे कोंबड्या, गुरं, सरपटणारे प्राणी यांच्या आतड्यात राहतात आणि तिथून अंडी, मांस, भाजीपाला, पाणी असं कुठूनही ताटात येतात. अमेरिकेत वर्षाला साधारण साडेतेरा लाख लोकांना हे इन्फेक्शन होतं, साडेसव्वीस हजार हॉस्पिटलात जातात आणि ४२० च्या आसपास दगावतात असा सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेचा, अंदाज आहे. अंदाज अशासाठी की पोट बिघडलं म्हणून प्रत्येक जण डॉक्टरकडे जात नाही, गेला तरी शौचाचा नमुना देत नाही, त्यामुळे एक केस लॅबमध्ये कन्फर्म होते तेव्हा तिच्यामागे न सापडलेल्या साधारण २९ असतात असं धरतात. म्हणून तुमच्या लिस्टवरचं प्रत्येक नाव महागाचं आहे. एक फोन उचलला नाही म्हणून सोडून दिला असं इथे चालत नाही.

आता केस आपल्या टेबलावर येते कशी ते बघा, कारण नोकरीच्या इंटरव्ह्यूला हे हमखास विचारतात आणि लोक गडबडतात. माणूस आजारी पडतो, दोन-तीन दिवस घरीच काढतो, मग क्लिनिकला जातो, नमुना देतो. आजकाल बहुतेक ठिकाणी आधी पीसीआर पॅनेल, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी झटपट टेस्ट, लावतात, तासाभरात साल्मोनेला आहे की नाही कळतं, डॉक्टर खूश, पेशंट खूश, आणि आम्ही वैतागलेले, कारण पीसीआरमधून जिवंत जंतू हातात येत नाही. जंतू वाढवलाच नाही तर सिक्वेन्स कशाचा करणार. म्हणून पॉझिटिव्ह नमुना परत कल्चरला, म्हणजे जंतू वाढवायला, टाकायचा आणि वाढलेला जंतू राज्याच्या पब्लिक हेल्थ लॅबला पाठवायचा, ही साखळी टिकवण्यासाठी क्लिनिकच्या लॅबवाल्यांशी चांगले संबंध ठेवावे लागतात (हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत). मग राज्याच्या लॅबमध्ये होल जिनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जंतूच्या सगळ्या डीएनएचं वाचन, होतं आणि निकाल पल्सनेट नावाच्या देशभरच्या नेटवर्कमध्ये जातो. पल्सनेट १९९६ मध्ये सुरू झालं, त्याच्या तीन वर्षं आधी हॅम्बर्गरमधून ई. कोलायचा मोठा उद्रेक झाला होता, मुलं दगावली होती, त्यातून ही यंत्रणा उभी राहिली. आधी जंतूच्या डीएनएचे तुकडे जेलवर पसरवून त्या पट्ट्यांचे पॅटर्न जुळवायचे, २०१९ पासून सगळं सिक्वेन्सिंगवर गेलं. फरक केवढा पडला म्हणाल तर एन्टेरिटिडिस हा जो सगळ्यात कॉमन प्रकारांपैकी एक आहे, त्याचे पट्ट्यांचे पॅटर्न बऱ्याचदा सारखेच दिसायचे, म्हणजे पन्नास केस आल्या तर त्या एका अंड्याच्या फार्ममधल्या की पन्नास वेगवेगळ्या कारणांच्या हे सांगताच यायचं नाही. आता काही मोजक्या अॅलीलच्या (जनुकांच्या आवृत्त्यांच्या) फरकावर कोण कोणाचा जवळचा हे दिसतं.

या सगळ्याला वेळ लागतो. माणूस आजारी पडल्यापासून त्याची केस एखाद्या उद्रेकाचा भाग म्हणून कन्फर्म होईपर्यंत तीन ते चार आठवडे जातात. तुम्ही फोन करता तेव्हा तो माणूस बरा होऊन कामावर गेलेला असतो आणि तुम्ही त्याला महिन्यापूर्वीच्या मंगळवारी डब्यात काय होतं ते विचारत असता. स्वतःला विचारून बघा, मागच्या महिन्यातल्या मंगळवारी तुम्ही काय खाल्लं? म्हणूनच चांगल्या राज्यांत सिक्वेन्सची वाट न बघता केस रिपोर्ट झाल्या झाल्या फोन करतात. मिनेसोटाचं नाव यासाठी फार आहे, तिथे युनिव्हर्सिटीचे पब्लिक हेल्थचे विद्यार्थी ताबडतोब पेशंटचे इंटरव्ह्यू घेतात, त्यांच्या ग्रुपला गमतीने टीम डायरिया म्हणतात आणि या फील्डमधले कितीतरी लोक त्या टीममधून पुढे आलेत. तुमच्या युनिव्हर्सिटीजवळ असं स्टुडंट वर्करचं काम असेल तर रिसर्च असिस्टंटशिप बाजूला ठेवून ते धरा, हे माझं अगदी ठाम मत आहे, प्रोफेसर मंडळींना आवडणार नाही.

पेशंटच्या या इंटरव्ह्यूबद्दल जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, लोकांना वाटतं स्कॅम आहे. सरकारी खात्यातून बोलतेय म्हटलं की फोन ठेवतात, माझ्या आडनावाने तर अजून शंका. म्हणून आधी मेसेज, मग फोन, आणि पहिल्याच वाक्यात त्यांच्या डॉक्टरकडच्या टेस्टचा संदर्भ, म्हणजे मी खरी आहे हे पटतं. दुसरं, लगेच खाण्यावर जाऊ नका. माणसाला आधी आपलं दुखणं सांगायचं असतं, किती वेळा उठलो, सासूच्या वाढदिवसाला जाता आलं नाही, पगार कापला गेला. ते ऐका. त्यातूनच सुरुवातीची तारीख आणि वेळ नीट मिळते आणि ती तारीख चुकली तर पुढचे सात दिवसही चुकीचेच विचारले जातात. मग तो आठवडा उभा करायचा, रविवारी चर्चला गेला होतात का, मुलाची मॅच कधी होती, लाँग वीकएंडला बार्बेक्यू कोणाकडे होता. फोनमधले फोटो काढायला सांगा, बँकेचं अॅप उघडायला सांगा, घरपोच मागवलेल्या ऑर्डरची हिस्ट्री बघायला सांगा, आठवणीपेक्षा बँक स्टेटमेंट खरं बोलतं. दुकानाचं मेंबरशिप कार्ड असेल तर त्याचा रेकॉर्ड काढायची परवानगी तिथेच मागून घ्या. २००९-१० मध्ये अमेरिकेत साल्मोनेला मॉन्टेव्हिडिओ या प्रकाराचा उद्रेक झाला होता, २७२ केस, त्यात कार्डांवरच्या खरेदीच्या नोंदींनीच रेडी-टू-ईट सलामीकडे बोट दाखवलं आणि खोलात गेल्यावर दोष मांसाचा नाही तर वरून लावलेल्या मिरपुडीचा निघाला. लोकांना मिरपूड आठवली असती का? शक्यच नाही.

तिसरं, जवळपास प्रत्येकाची एक थिअरी असते आणि ती बहुधा शेवटच्या जेवणाची असते, त्या अमुक रेस्टॉरंटचा बर्गर खाल्ला आणि दोन तासांत सुरू झालं. साल्मोनेलाला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत काहीही लागू शकतं, त्यामुळे शेवटचं जेवण बिचारं बऱ्याचदा निर्दोष असतं. पण तोंडावर तसं सांगितलं की माणूस बंद होतो. लिहून घ्या, आभार माना आणि पुढे चला.

चौथं, पदार्थाच्या आतलं. जी वस्तू मुख्य म्हणून खाल्ली जात नाही ती कोणाला आठवत नाही, वरून भुरभुरलेली कोथिंबीर, सँडविचमधली मोडं, साल्सातली मिरची, बर्गरमधला कांदा. प्रश्नावलीत काकडी खाल्ली का असं असतं, बहुतेक लोक मनातल्या मनात सॅलडचा बाऊल आणतात आणि नाही म्हणतात. आपल्या देशी घरांशी बोलताना हे फारच जाणवतं, कच्ची भाजी काही नाही खाल्ली असं ठामपणे सांगतात आणि दहा मिनिटांनी जेवणाबद्दल विचारलं की वरण-भात, भाजी, कोशिंबीर असं सहज निघतं, कोशिंबीर कशाची तर काकडीची. भेळेवरचा कच्चा कांदा, चटणीतली कोथिंबीर, खमंग काकडी, हे इथल्या प्रश्नावलीत कुठेच नाही. तुम्हाला दोन स्वयंपाकघरं माहीत आहेत, हा तुमचा फायदा आहे, तो रेझ्युमेत कसा लिहायचा ते मला अजून कळलेलं नाही पण टीममध्ये त्याची किंमत लोकांना पहिल्या महिन्यात कळते. म्हणून पदार्थांची यादी वाचून दाखवण्याआधी एकेक जेवण मोकळेपणाने सांगायला लावायचं आणि मगच यादी. ओरेगनचे बिल कीन म्हणून एक एपिडेमिऑलॉजिस्ट होते, २०१३ मध्ये वारले, त्यांची शॉटगन नावाची लांबलचक प्रश्नावली या क्षेत्रात प्रसिद्ध आहे, शेकडो पदार्थ एका दमात विचारायचे. दोन्हींची गरज असते, फक्त क्रम महत्त्वाचा, माझ्या मते आधी माणूस आणि मग यादी.

पाचवं, प्राणी विचारायला विसरू नका. परसातल्या कोंबड्यांची पिल्लं, बिअर्डेड ड्रॅगन नावाचे पाळीव सरडे, छोटी कासवं. चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला अमेरिकेत १९७५ पासून बंदी आहे कारण लहान मुलं ती तोंडात घालतात, तरी जत्रेत आणि ऑनलाईन मिळतातच. घरात एक वर्षाचं बाळ आजारी असेल आणि त्याच्या खाण्यात काहीच सापडत नसेल तर घरात सरडा आहे का असं विचारा, आई दचकते, मग म्हणते हो, दादाच्या खोलीत आहे.

आणि हो, कधी कधी फोन घरच्यांना करावा लागतो कारण ज्याची केस आहे तो माणूस राहिलेला नसतो. त्याची तयारी कोणी करून घेत नाही. पहिल्यांदा असा फोन करायचा असेल तेव्हा सिनिअरला शेजारी बसवा, आणि प्रश्नावली पूर्ण झालीच पाहिजे असा हट्ट धरू नका.

आता समजा पंधरा इंटरव्ह्यू झाले आणि सिक्वेन्सवरून कळलं की पंधराही एका क्लस्टरमधले, म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या केसच्या गटातले, आहेत. जिनोम तुम्हाला एवढंच सांगतो की यांचा जंतू एकाच कुळातला आहे. त्यांनी काय खाल्लं हे तो सांगत नाही. मग प्रश्नावल्या शेजारी शेजारी ठेवून मोजायचं, पंधरापैकी किती जणांनी काय खाल्लं, आणि निरोगी लोकांत ते प्रमाण साधारण किती असतं याच्याशी तुलना करायची, त्यासाठी फूडनेट या अन्नातल्या आजारांवर नजर ठेवणाऱ्या सीडीसीच्या यंत्रणेच्या लोकसंख्येच्या सर्व्हेचे आकडे वापरतात आणि बायनॉमिअल टेस्ट (हा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो का ते बघायची आकडेमोड) लावतात, एक्सेलमध्ये होते, घाबरण्यासारखं काही नाही. गंमत अशी की चिकन किंवा अंडी जवळपास सगळेच खातात, त्यामुळे पंधरापैकी तेरांनी चिकन खाल्लं यात काहीच कळत नाही, आणि मोडं फार कमी लोक खातात, त्यामुळे पंधरातल्या पाच जणांनी म्हटलं तरी कान टवकारायचे. जे सगळे खातात त्यातला उद्रेक पकडणं सगळ्यात अवघड. २०२० मध्ये साल्मोनेला न्यूपोर्टचा उद्रेक कांद्यातून झाला, ४८ राज्यांत ११२७ केस, कॅनडात आणखी पाचशेच्या वर. कांदा! तो कशात नसतो?

इथे मला २००८ ची गोष्ट सांगायचीच आहे, कारण नवीन येणाऱ्याने ती पाठ केली पाहिजे. मे महिन्यात न्यू मेक्सिको आणि टेक्सासमध्ये साल्मोनेला सेंटपॉलच्या केस येऊ लागल्या, हा प्रकार एरवी कमी दिसणारा. सुरुवातीच्या इंटरव्ह्यूंमध्ये आजारी लोकांनी कच्चे टोमॅटो खाल्ल्याचं प्रमाण जास्त आलं, आकडेमोडही तेच म्हणत होती, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याने) आधी त्या दोन राज्यांना आणि मग देशभर ठरावीक प्रकारचे टोमॅटो खाऊ नका असं सांगितलं. रेस्टॉरंटांनी टोमॅटो काढून टाकले, शेतकऱ्यांचा माल सडला, आणि केस येतच राहिल्या. टोमॅटो उलट दिशेने शोधत गेलं तर एका शेताकडे जाईना, सगळे धागे इकडेतिकडे. मग रेस्टॉरंटमधले छोटे क्लस्टर कामी आले. एकाच हॉटेलात जेवलेले आजारी लोक आणि तिथेच जेवून न आजारी पडलेले लोक, दोघांनी मागवलेल्या डिशमधला एकेक घटक काढायचा. मिनेसोटामध्ये असंच एका रेस्टॉरंटच्या क्लस्टरमधून हालापेन्यो मिरची पुढे आली, डिशवर सजावटीला बारीक चिरून टाकलेली, म्हणजे ग्राहकाला नावही आठवणार नाही अशी. जुलैमध्ये टेक्सासमधल्या मॅकॅलनच्या एका वितरकाकडच्या हालापेन्योत तोच जंतू सापडला, आणि महिनाअखेर मेक्सिकोतल्या तामाउलिपासमधल्या एका शेतावरच्या सेरानो मिरचीत आणि तिथल्या सिंचनाच्या पाण्यातही. शेवटी केस जवळजवळ १५०० झाल्या.

बरेच लोक ही गोष्ट एफडीएची फजिती म्हणून सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. साल्सा, पिको दे गायो, ग्वाकामोली या सगळ्या मेक्सिकन चटण्या-कोशिंबिरींत टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, कांदा एकत्रच येतात, माणसाला त्यातला टोमॅटो डोळ्यांना दिसतो आणि तोच आठवतो, आणि मिरचीबद्दल सुरुवातीला कोणी नीट विचारलंच नव्हतं. टोमॅटो पूर्णपणे निर्दोष होता का यावर तज्ज्ञांत वाद झालेच. पण कामापुरतं इतकं पक्कं, प्रश्नावलीत जो पदार्थ नाही तो तुमच्या विश्लेषणात कधीच दोषी ठरणार नाही. आकडेमोड कितीही चांगली केली तरी.

पुण्याच्या लोकांसाठी एक उपकथानक. साल्मोनेलाचे अडीच हजारांहून जास्त प्रकार आहेत आणि बऱ्याच प्रकारांना ते पहिल्यांदा जिथे सापडले त्या गावाचं नाव दिलेलं आहे, त्यात साल्मोनेला पूना पण आहे. हो, आपलंच पुणे. इथल्या मीटिंगमध्ये पूना क्लस्टर असं कोणी म्हटलं की माझ्याकडे बघून हसतात. या पूनाने २०१५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत धुमाकूळ घातला, ४० राज्यांत ९०७ केस, दोनशेच्या वर लोक हॉस्पिटलात, सहा मृत्यू, आणि आजाऱ्यांत निम्म्याच्या आसपास मुलं. कारण निघालं मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातून आलेली काकडी. सप्टेंबरच्या सुरुवातीला माल परत मागवला तरी केस पुढे बराच काळ येत राहिल्या, तीन-चार आठवड्यांचा जो उशीर वर सांगितला तो इथे दिसतो, आज टीव्हीवर येणारा आकडा महिन्यापूर्वीच्या जेवणांचा असतो.

पदार्थ ठरला की ट्रेसबॅक, म्हणजे माल आला कुठून त्याचा उलटा माग. यात एपिडेमिऑलॉजिस्ट एकटा नसतो, राज्याचं अॅग्रिकल्चर डिपार्टमेंट, एफडीए, आणि मांस-कोंबडी असेल तर यूएसडीए, म्हणजे केंद्राचं शेतीखातं. (चीज पिझ्झा एफडीएचा आणि पेपरोनी पिझ्झा यूएसडीएचा, हे खरं आहे, मी बनवत नाहीये.) दुकानातून इन्व्हॉइस, तिथून गोदाम, तिथून आयातदार, तिथून शेत किंवा फॅक्टरी, असं मागे मागे जायचं आणि वेगवेगळ्या गावांतल्या रेषा एका ठिकाणी मिळतात का बघायचं. इन्व्हॉइस हाताने लिहिलेले, लॉट नंबर नाही, तीन शेतांचा माल एका खोक्यात. सरकारने काकडी, मिरच्या, टोमॅटो, कोथिंबिरीसारख्या हिरव्या पाल्याच्या भाज्या, अंडी वगैरे मालासाठी नोंदी ठेवायचा नियम आणलाय पण अंमलबजावणी २०२८ च्या जुलैपर्यंत पुढे गेलीय, तोवर फोन आणि गोड बोलणं. २०१२ चा ट्यूनाचा उद्रेक वाचा, शिकायला उत्तम. सुशी रोलमध्ये जाणारा ट्यूनाचा खरवडून काढलेला लगदा, ४२५ केस, आणि रेस्टॉरंटांपासून मागे गेलेल्या सगळ्या रेषा भारतातल्या एका प्लांटवर जाऊन थांबल्या. मुख्य प्रकार होता साल्मोनेला बरेली, त्यालाही भारतातल्याच गावाचं नाव, पण नावावरून देश ओळखायचा नसतो, काकडीच्या पूनाचा आणि भारताचा काडीचा संबंध नव्हता.

पुरावा तीन पायांवर उभा असतो, लोकांनी काय खाल्लं, माल कुठून आला, आणि पदार्थात किंवा फॅक्टरीत जंतू सापडला का. तिन्ही मिळाले तर स्वर्ग, पण दोन मिळाले की बहुतेकदा बोलावं लागतं, कारण तिसऱ्याची वाट बघेपर्यंत माल खाऊन संपतो. २००८-०९ मध्ये पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकाच्या शेंगदाण्याच्या उद्रेकात मिनेसोटाने एका संस्थेच्या स्वयंपाकघरातल्या पीनट बटरच्या मोठ्या डब्यात जंतू पकडला आणि केस फुटली, जॉर्जियातल्या ब्लेकलीच्या प्लांटपर्यंत गेली, ७१४ केस, नऊ मृत्यू, हजारो उत्पादनं परत, आणि मालकाला २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा. माल दूषित आहे हे माहीत असून पाठवला म्हणून. अशा खटल्यात तुमच्या वहीतल्या नोंदी वकील वाचणार आहेत हे डोक्यात ठेवून नोंदी लिहायची सवय लावा, अंदाज आणि पेशंटचे शब्द वेगवेगळे लिहा.

आता यायचं कसं. शिक्षण म्हणून एमपीएच एपिडेमिऑलॉजी बहुतेक ठिकाणी पुरतं, बीव्हीएससी वाल्यांना, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांना, तर इथे फार मान आहे आणि ते स्वतःला कमी समजतात. बायोस्टॅट नीट करा, आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरपैकी एसएएस किंवा आर यातलं एक, दोन्ही नको. सिक्वेन्सिंगचं झाड, म्हणजे कुठला जंतू कोणाचा जवळचा हे दाखवणारी वंशावळ, वाचता आलं पाहिजे, बनवता आलं नाही तरी चालेल, ते काम लॅबच्या बायोइन्फॉर्मॅटिक्सवाल्यांचं. स्पॅनिश येत असेल तर रेझ्युमेत वर लिहा, नसेल तर शिका, दुभाषा लावून पाऊण तासाचा इंटरव्ह्यू दीड तासाचा होतो. सीडीसीने काही राज्यांना फूड सेफ्टीची सेंटर्स ऑफ एक्सलन्स नेमलंय, मिनेसोटा, कोलोरॅडो, टेनेसी वगैरे, त्यांचं ट्रेनिंग मटेरियल ऑनलाईन फुकट आहे आणि केस स्टडी सोडवून इंटरव्ह्यूला जाणारा उमेदवार लगेच ओळखू येतो. व्हिसाचं मात्र स्पष्ट बोलते, सरकारी फेलोशिपपैकी बऱ्याच नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड मागतात, काही राज्यं स्पॉन्सर करतात आणि काही अजिबात नाही, अर्जाचे निबंध लिहीत बसण्याआधी एक ईमेल टाकून विचारा. आणि यातल्या बऱ्याच पोस्ट केंद्राच्या ग्रँटवर चालतात, ग्रँट आटली की पोस्ट जाते. २०२५ च्या जुलैपासून तर फूडनेटनेही सक्तीचं सर्व्हेलन्स, म्हणजे नजर ठेवणं, साल्मोनेला आणि शिगा टॉक्सिनवाला ई. कोलाय एवढ्यावरच आणलंय. पगारासाठी या लाईनमध्ये येऊ नका, फूड कंपन्या जास्त देतात.

भारतात राहून करायचं असेल तर रस्ता वेगळा आहे पण आहे. चेन्नईच्या एनआयईचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजी) फील्ड एपिडेमिऑलॉजीचा प्रोग्रॅम आणि दिल्लीच्या एनसीडीसीचा (राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्र) साथींचा तपास शिकवणारा इंडिया ईआयएस, २०१२ पासूनचा, हे दोन बघा, मुख्यतः डॉक्टरांसाठी. मायक्रोबायोलॉजीवाल्यांना जिल्ह्याच्या सर्व्हेलन्स युनिटमध्ये आयडीएसपी या सरकारच्या रोगांवर नजर ठेवायच्या कार्यक्रमाखाली कामं निघतात. आपल्याकडचा नेहमीचा उद्रेक म्हणजे लग्नाचं जेवण, महाप्रसाद, आश्रमशाळेचं वसतिगृह, सगळे एका जागी, एका वेळी जेवलेले. शिकायला हे खरं तर सोपं पडतं, आलेल्या सगळ्यांची यादी मिळते, कोणी बासुंदी खाल्ली कोणी नाही हे विचारून अटॅक रेट, म्हणजे खाणाऱ्यांपैकी किती टक्के आजारी पडले ते, काढता येतो, अमेरिकेतल्या विखुरलेल्या केसपेक्षा चित्र लवकर स्पष्ट होतं. अडचण नमुन्यांची. तिथे पोचेपर्यंत भांडी घासलेली असतात, उरलेलं जेवण फेकलेलं असतं आणि पेशंटला अँटिबायोटिक दिलेलं असतं, त्यामुळे कल्चरमध्ये काही येत नाही आणि पेपरात विषबाधा एवढंच छापून येतं, साल्मोनेला की स्टॅफ हा दुसरा जंतू की आणखी काही ते तसंच राहतं. पहिल्या फोनवरच उरलेलं अन्न फ्रीजमध्ये ठेवा आणि औषधाआधी नमुना घ्या असं सांगणारा एक माणूस जिल्ह्यात असला तरी खूप फरक पडतो.

शेवटी जॉब इंटरव्ह्यूचा नेहमीचा प्रश्न सांगून टाकते, थोड्या फरकाने सगळीकडे हाच असतो. नऊ केस आहेत, चार काउंटी, सिक्वेन्स जुळतोय, नऊपैकी सहा जणांनी एकाच सुपरमार्केटमधून खरेदी केलीय, पुढे काय कराल? अर्धे उमेदवार लगेच केस-कंट्रोल स्टडी (आजारी आणि निरोगी लोकांची तुलना) डिझाईन करायला लागतात, ऑड्स रेशो वगैरे. पॅनेलला ऐकायचं असतं की मी आधी नऊच्या नऊ प्रश्नावल्या परत वाचेन, ज्या तिघांनी त्या दुकानाचं नाव घेतलं नाही त्यांना परत फोन करेन, ते सुपरमार्केट त्या भागात इतकं मोठं आहे का की तसेही दहातले सहा जण तिथेच जातात हे तपासेन, आणि सहा जणांच्या कार्डांच्या नोंदी मागवेन. मग ते विचारतील, सहाही जणांच्या नोंदीत एकाच ब्रँडचं कापलेलं कलिंगड निघालं, जंतू अजून कुठे सापडलेला नाही, शुक्रवारची दुपार आहे, लोकांना सांगायचं का? याला एकच बरोबर उत्तर नाही. कलिंगड अजून दुकानात आहे का, टिकतं किती दिवस, तीन पायांपैकी कुठले हातात आहेत आणि कुठला सोमवारपर्यंत येऊ शकतो, हे तुम्ही मोठ्याने बोलत विचार करता का, तेवढं ते बघत असतात.